बोकडाचा समास

"आंत्र म्हणजे काय? आतडं! विषार म्हणजे काय? विष!" सरनोबत गुरुजींनी आमच्या दुकानात लटकवलेल्या पिवळ्या कार्डावर बोट आपटलं. "आंत्रविषार म्हणजे आतड्यातलं विष. आणि त्याच्यापुढं काय लिहिलंय? 'दिले'! वर सही, शिक्का. बकऱ्याला विष दिलंय आणि राजरोस कार्ड टांगलंय. बोला आता!"

बाबू पैलवानाच्या हातातला डबा खाली पडला. झाकण घरंगळत गटारीत गेलं. बाबू दर रविवारी एकच गोष्ट न्यायचा, वजडी. आणि वजडी म्हणजे शेवटी आतडंच की हो.

पंचवीस-सव्वीस वर्षं झाली ह्या गोष्टीला. आखाडातला शेवटचा रविवार, सकाळचे आठ, दुकानापुढं चाळीस माणसांची रांग, आणि सुरी पहिल्यांदाच माझ्या हातात.

माझ्या हातात सुरी आली ती आमच्या मालकांच्या कर्तबगारीमुळं. सुटलेल्या बोकडामागं धावताना ते शेणखताच्या खड्ड्यात पडले आणि पाय मोडून घेतला. बोकड खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्यांच्याकडं बघत होता म्हणे. तर मालक आतल्या खोलीत प्लास्टर घालून पडलेले, आणि सण तोंडावर. माझे दीर शिरपती लगेच टॉवेल कमरेला बांधून तयार. म्हटलं, थांबा. बारा वर्षं मी ह्या घरात कांदा चिरला, खोबरं भाजलं, मालकांनी तोडलेलं मटण कागदात बांधून दिलं. कुठला तुकडा कुणाला लागतो हे मला पाठ आहे. मी बसते ठोकळ्यावर.

शिरपती भावोजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई हसल्या नाहीत. आत्ती म्हणायचे मी त्यांना. त्यांनी चंचीतून सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "आखाडाचा शेवटचा रविवार हिला द्या. बाराच्या ठोक्याला दोन्ही बकरी संपली तर सुरी हिची. उरलं तर उद्यापासनं शिरपती बसंल, आणि तू परत कांद्याला. पुन्यांदा ह्या विषयावर तोंड उघडायचं न्हाई."

"कबूल," म्हटलं.

आता कार्डाची अक्कल कुणाची, तर माझीच. दोन्ही बोकड बिरू हाक्याच्या कळपातले. बिरूनं बोकडांबरोबर सरकारी दवाखान्याचं लसीकरणाचं कार्ड दिलं. मला वाटलं, लोकांना हल्ली हजार शंका. कोंबडीला सुया मारून फुगवतात म्हणे, दुधात काय घालतात म्हणे. आपण कागदच दाखवू, शिक्क्यासकट. आत्ती म्हणाल्याही होत्या, "खाटकाच्या दुकानात कागद कशाला गं? मटण डोळ्यानं बघत्यात, वाचत न्हाईत." मी ऐकलं नाही. बोकडाशेजारच्या हुकाला कार्ड चिमट्यानं लटकवलं, खाली पाटीवर खडूनं लिहिलं, 'ताजे मटन मिळेल', आणि ऐटीत बसले.

आणि रांगेत पहिला नंबर कुणाचा लागावा? ज्यांना वाचल्याशिवाय चैन पडत नाही अशा गावातल्या एकमेव माणसाचा.

सरनोबत गुरुजींनी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले तरी शिकवायचे थांबले नव्हते. लग्नाची पत्रिका हातात दिली की आधी तांबड्या पेनानं दुरुस्त करायचे, मग तारीख बघायचे. मी ह्याच गावची लेक आणि ह्याच गावची सून, त्यामुळं सातवीला मी त्यांच्याच हाताखाली होते. व्याकरणात दहापैकी दोन मार्क. ते दोनसुद्धा नाव बरोबर लिहिलं म्हणून.

"गुरुजी, ती लस आहे," मी ठोकळ्यावरून म्हटलं.

"लस असेल तर 'लस' हा शब्द कुठाय? दाखव!" गुरुजींनी कार्ड माझ्या नाकापुढं धरलं. खरंच नव्हता. वर छापलेलं डोकं फाटून गेलेलं, आणि रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात नुसतं, 'आंत्रविषार – दिले.'

"हौसा, तू मला शब्द शिकवू नकोस," गुरुजी म्हणाले. "तुला कांदेपोहे आले नव्हते."

रांगेत हशा पिकला. हा माझा जुना घाव. सातवीत गुरुजींनी विचारलं होतं, कांदेपोहे ह्याचा विग्रह कर. मी उभी राहिले आणि म्हटलं, कांदे आणि पोहे. त्यावर गुरुजी कडाडले होते, "कांदे घालून केलेले पोहे! मध्यमपदलोपी समास! मधलं पद कुठं गेलं? गिळलंस?" वर्षभर मला पोरं 'गिळलंस' म्हणून हाक मारायची. लग्नातसुद्धा एकानं मारली.

पण हसू विरलं आणि रांग हलली. पुढं नाही, मागं.

"मला तर कालपास्नंच वास येतोय," मागनं कुणीतरी म्हणालं. काल बोकड जिवंत होते, बिरूच्या वाड्यात.

"सुई मारलेलं मटण खाल्लं की ती सुई आपल्याला लागती का?" बाबू पैलवानानं विचारलं. हा सहा फुटी गडी, जत्रेत आठ कुस्त्या मारलेला, पण सुई म्हटलं की ह्याचे पाय लटपटायचे. "म्हंजे पोटात गेल्यावर आतनं टोचल्यासारखं?"

"बाबू, येड्यागत बोलू नको," मी म्हटलं.

"हौसा!" आतल्या खोलीतून मालकांचा आवाज आला. "काय झालं गं?"

"काही नाही, पडून राहा!"

"सुरीला धार हाय का बघ!"

"पडून राहा म्हटलं ना!"

उंबऱ्यावर आत्ती बसल्या होत्या. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मग शिरपती भावोजींकडं. भावोजी टॉवेल झटकत होते. मला तो टॉवेल घेऊन त्यांचाच गळा आवळावासा वाटला, खोटं कशाला सांगू?

"डॉक्टरला बोलवा," मी म्हटलं. "ज्यानं दिलंय तोच सांगेल की!"

आणि इथं मी दुसरी चूक केली.

जनावरांचे डॉक्टर मगदूम समोरच दवाखान्याच्या वर राहायचे. माणूस देवासारखा, पण बुजरा. गाई-म्हशींशी तासभर बोलेल, माणूस दिसला की घशात आवंढा. बाबूनं त्यांना रविवारी सकाळी दात घासता घासता खाली ओढून आणलं. अंगात बनियन, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस.

"डॉक्टर, हे तुम्ही दिलंय?" गुरुजींनी कार्ड पुढं धरलं.

"हो," डॉक्टर ब्रशाच्या आडून म्हणाले. "मीच. माझ्या हातानं."

रांगेतून "आँ!" असा आवाज निघाला.

"ह्याच बकऱ्याला?"

"अख्ख्या कळपाला."

"देवा रे," बाबू म्हणाला आणि दुकानाच्या पायरीवर बसला.

"घाबरू नका," डॉक्टर फेस सावरत म्हणाले. "चार महिने झाले देऊन. एकवीस दिवसांनंतर अंश राहत नाही."

आता तोंडात ब्रश असलेल्या माणसानं 'अंश' म्हटल्यावर ते कसं ऐकू येणार, तुम्हीच सांगा. रांगेच्या मधून एक जण ओरडला, "वंश राहत न्हाई म्हणतोय!"

मग काय विचारता! नुकतं लग्न झालेला सुताराचा रमाकांत चपला हातात घेऊन पळाला. त्याच्यामागं चौघं गेले. एक म्हातारा तेवढा जागेवर राहिला. म्हणाला, "मला आठ पोरं हाईत, माझं काय जातंय? अर्धा किलो दे." पण त्यालाही त्याच्या सुनेनं हाताला धरून नेलं.

"अहो, अंश! अंश!" डॉक्टर ओरडत होते. जितकं ओरडावं तितका फेस उडत होता.

"ते राहू द्या," गुरुजी कोर्टातल्या वकिलासारखे पुढं झाले. "सरळ उत्तर द्या. हे मटण तुम्ही स्वतः खाल?"

"मी?" डॉक्टर दोन पावलं मागं सरकले. "छे छे! मी जन्मात खाणार नाही!"

अहो, तो माणूस शुद्ध शाकाहारी! घरात कांदा-लसूणसुद्धा मोजून. पण हे सांगायला कुणी थांबलंच नाही. "बघा, देणारा सोता खात न्हाई!" अशी एकच बोंब उठली. रांग मोडली. लोक घरी गेले नाहीत मात्र. आखाडाचा शेवटचा रविवार, घरी मसाला वाटून तयार. सगळे रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उभे राहून आमच्या बोकडांकडं बघत राहिले. तोंडाला पाणी पण सुटलेलं आणि भीती पण वाटतेय.

साडेनऊ वाजले. दोन्ही बोकड हुकाला तसेच. बारा वर्षांचा कांदा डोळ्यांपुढं आला, आणि पुढच्या बारा वर्षांचापण.

"वैनी," शिरपती भावोजी गोड आवाजात म्हणाले, "उठा आता. मी कार्ड काढतो, बोर्ड पुसतो, लोकांना सांगतो बाईमाणसाचं चुकलं."

त्यांनी कार्डाला हात घातला. तेव्हाच माझी नजर गुरुजींवर गेली. उन्हं चढली होती म्हणून त्यांनी सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली होती. गुरुजी बाही कायम मनगटापर्यंत ठेवायचे. आज प्रथमच दंडाजवळ काहीतरी दिसलं.

मी उठले आणि सरळ रस्ता ओलांडून गुरुजींपुढं जाऊन उभी राहिले. मधली माणसं पटापट बाजूला झाली. मला वाटलं, माझा दरारा.

"गुरुजी, बाही वर करा."

"हौसा," गुरुजी हळूच म्हणाले, "आधी सुरी खाली ठेव."

हातात सुरी तशीच होती हो! ती मी बाबूकडं दिली. बाबूनं ती दोन बोटांत धरली आणि तोंड दुसरीकडं केलं.

"आता करा वर."

गुरुजींनी बाही वर केली. दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण.

"हे काय आहे?"

"देवी. लहानपणी काढल्यात."

"कुणी काढल्या?"

"सरकारी माणूस यायचा. देवी द्यायचा. सगळ्यांना दिल्यात. तुलाही असतील." गुरुजींना कळेना मी कुठं चालले आहे ते.

"देवी हा रोग ना, गुरुजी?"

"भयंकर रोग. माझी धाकटी बहीण गेली त्यात."

"मग त्या सरकारी माणसानं तुम्हाला तो रोग दिला?"

"मूर्खासारखं बोलू नकोस!" गुरुजी वर्गात कडाडायचे तसे कडाडले. "देवी दिल्या म्हणजे रोग दिला नव्हे! देवीची लस दिली! म्हणजे देवी होऊ नयेत म्हणून दिलेली..."

आणि थांबले.

डॉक्टरांच्या हनुवटीवरचा फेस वाळलेला. मी वाट बघितली. सातवीत त्यांनी मला जेवढी वाट बघायला लावली होती ना, बरोबर तेवढी. मग म्हटलं,

"मधलं पद कुठं गेलं, गुरुजी? गिळलंत?"

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी तांबडा झाला, मग पांढरा. मला एकदम वाईट वाटलं. वाटलं, आपण जास्त बोललो, म्हातारा माणूस आहे. तेवढ्यात गुरुजींनी काठी रस्त्यावर आपटली, लोकांकडं वळले आणि गर्जले,

"मध्यमपदलोपी!"

लोक आणखी दोन पावलं मागं सरकले.

"हे आणि काय नवीन?" बाबूनं विचारलं. "लागट असतंय का?"

"समास आहे, गाढवा!" गुरुजी म्हणाले. "आंत्रविषार हे रोगाचं नाव. तो होऊ नये म्हणून दिलेली लस, ती आंत्रविषाराची लस! डॉक्टरनं मधलं पद लिहिलं नाही, शेवटचंही लिहिलं नाही, आणि मी..." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी विग्रह चुकवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर, तोंड धुऊन या आणि पूर्ण वाक्यात बोला!"

डॉक्टर दुकानातल्या नळावर तोंड धुऊन आले. ब्रश नसताना तो माणूस किती छान बोलत होता म्हणून सांगू! बकऱ्याला हा रोग झाला तर रात्रीत मरतं, म्हणून लस देतात. लस दिल्यावर एकवीस दिवस बकरं कापायचं नाही असा नियम, आणि ह्यांना चार महिने झालेत. आणि मी खात नाही कारण मी शेंगदाण्याची आमटी खातो. हे सगळं त्यांनी पूर्ण वाक्यांत सांगितलं. गुरुजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"विचारलं ते बरं केलंत," डॉक्टर शेवटी म्हणाले. "विचारायलाच पाहिजे. फक्त मला दात घासून होईपर्यंत थांबत जा."

मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्यांदा गुरुजींच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं बाही वर केली. "मला पण हाय की देवीचं." मग त्याच्या शेजाऱ्यानं. मग बायकांनी. बघता बघता तीस-पस्तीस माणसं भर रस्त्यात दंड उघडे टाकून एकमेकांचे वण बघायला लागली. कुणाचा मोठा, कुणाचा बारका, कुणाला दोन. आमचे मालक आतून ओरडत होते, "मला पण हाय! मला पण हाय!"

एकटा बाबू पैलवान बाही खाली ओढत होता.

"बाबू, दाखव की," मी म्हटलं.

"न्हाई."

"दाखव!"

"वैनी, मला न्हाई काढली," बाबू खाली मान घालून म्हणाला. "देवीचा माणूस आला तवा मी चिंचेवर चढून बसलो हुतो. तीन दिस."

"म्हणजे एवढ्या रांगेत बिनलसीचा तू एकटाच!" मी सुरी परत घेतली. "अरे, ह्या बोकडानं उभ्यानं सुई घेतली, ब्या सुद्धा केलं नाही. आणि तू त्याला नावं ठेवतोस?"

बाबूनं हुकावरच्या बोकडाकडं बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग गटारीतून झाकण काढलं, नळावर घासलं आणि म्हणाला, "वजडी द्या. सगळी."

त्यानंतर मी मान वर केली नाही. फऱ्याचं, चापाचं, काळीज, मुंडी, पाये. ज्याला जे लागतं ते न सांगता देत होते. रमाकांत सुतारसुद्धा परत आला. त्याच्या बायकोनंच पाठवला होता, डोळे मोठे करून. बाराला दहा मिनिटं कमी असताना हुकाला एकच तुकडा उरला, अर्ध्या किलोचा, चांगला सीन्याचा, छातीकडचा. रांगेतही एकच माणूस उरला होता. पहिला आलेला, शेवटचा राहिलेला.

गुरुजींनी पिशवी पुढं केली. मी कागदात बांधून दिलं. ते गेले नाहीत.

"हौसा, सातवीत मी तुला किती दिले होते?"

"दहापैकी दोन."

गुरुजींनी पाटीवरचा खडू उचलला. माझ्या 'ताजे मटन मिळेल' ह्याच्या खाली, कोपऱ्यात, तपासलेल्या पेपरावर लिहितात तसं तिरकं लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. नऊ. खाली रेघ. दहा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा नव्हता, तरी आलं. पण स्वभाव कुठं जातोय? म्हटलं, "एक का कापला?"

गुरुजींनी काठीनं पाटीवर टकटक केलं. "मटण. ण. बाणातला ण. तू नळातला काढलायस."

ते गेले. आत्ती उंबऱ्यावरून उठल्या. घड्याळाकडं बघितलं नाही, मोकळ्या हुकांकडं बघितलं. शिरपती भावोजींच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून माझ्याकडं फेकला. भावोजी तसेच उभे.

"उभा काय हाईस?" आत्ती त्यांना म्हणाल्या. "घरात जा आन् कांदा चीर. हौसाला भूक लागली असंल."

तेव्हापासून सुरी माझी आहे. बिरू असो की दुसरा कुणी, बोकड घेताना आधी कार्ड मागते, तारीख बघते, आणि डॉक्टरांना सांगून ठेवलंय की शब्द पूर्ण लिहायचा. पाटी मात्र मी तशीच लिहीत राहिले, दर रविवारी, नळातला न काढून. गुरुजी दर रविवारी येऊन काठीनं टकटक करायचे, "ण!" आणि मी म्हणायचे, "पुढच्या खेपेला, गुरुजी." दुरुस्त केलं असतं तर त्यांनी येऊन बोलायचं काय? बायको गेलेली, पोरं पुण्याला. अर्धा किलो एकट्या माणसाला आठवडाभर पुरायचं, तरी रविवार चुकवला नाही. अकरा वर्षं.

गुरुजी गेले त्याच्या पुढच्या महिन्यात आम्ही नवा फ्लेक्सचा बोर्ड करून घेतला. मोठ्ठा, रंगीत, बोकडाचा फोटो घालून. फ्लेक्सवाला घेऊन आला, टांगला, मी खाली उभी राहून वाचलं. 'घोडके मटन शॉप'.

"उतरव," म्हटलं. "ण पाहिजे. बाणातला."

"मावशी, अहो सगळा परत छापायला लागेल. सगळीकडं असंच लिहितात. एका अक्षरानं असा काय फरक पडतोय?"

"एका मार्काचा," मी म्हटलं.